घर सोबत घेऊन निघालेली सुट्टी

शेतकऱ्याच्या घराला कुलूप लागत नाही. गोठ्यात जनावर आहे तोवर कुणीतरी मागं राहावंच लागतं. बैलांना वेळच्या वेळी पाणी आणि वैरण, म्हशीची सकाळ-संध्याकाळ धार, शेणघाण, ऊन चढलं की दावण सावलीत हलवणं, यातलं एकही काम चार दिवस पुढं ढकलता येत नाही. गाव सोडून सहकुटुंब कुठं जायचं तर आधी या कामांचं काय, हे ठरवावं लागतं. खेड्यातल्या माणसाला सुट्टीची हौस नसते, असं शहरात अनेकांना वाटत आलं. हौस होतीच, तिला वाट काढावी लागत होती.

सातारा आणि सांगलीकडच्या कुटुंबांनी ती वाट फार पूर्वी काढली. गाडी ओढणारी जनावरं म्हणजे बैल. त्यांनाच सोबत घ्यायचं. बैल गाडीला जुंपायचे, गाडीत म्हातारी माणसं आणि लेकरं बसवायची, पीठ, भांडी, वाकळा आणि कडबा भरायचा आणि जत्रेच्या वाटेला लागायचं. दुभती म्हैस तेवढी भावकीतल्या किंवा शेजारच्या घरी सोपवायची. पुढच्या जत्रेला त्यांची म्हैस आपण सांभाळायची. घराला कुलूप न लावता घर हलवण्याची ही रीत बैलगाडीइतकीच या उसनवारीच्या शेजारधर्मावर उभी होती.

आज कॅरॅव्हॅन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पलंग, शेगडी आणि न्हाणीघर असलेली चकचकीत मोटार येते. पण कुटुंबानं आपली चूल आणि अंथरूण घेऊन, वाटेत मुक्काम करत, सावकाश जाण्याचा आनंद या भागाला नवा नाही. तो टिकला कसा, हे कळायचं तर गाडी, बैल, पंचांग आणि तळ या चार गोष्टी नीट पाहायला हव्यात.

तिकडचं आणि इकडचं

युरोपात चाकांवरच्या घरात राहणारे लोक पूर्वीपासून होते. फिरते कारागीर, सर्कसवाले, रोमानी कुटुंबं. त्यांचं ते रोजचं जगणं होतं. केवळ आनंदासाठी असं घर बांधून निघालेला पहिला प्रसिद्ध प्रवासी म्हणजे ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेला डॉक्टर आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स. त्यानं ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि १८८५ साली इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडीला दोन घोडे होते, सोबत गाडीवान आणि नोकर होता. अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सूचना द्यायला नोकर तीनचाकी सायकलवरून पुढं जात असे. १९०७ साली तिथं कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला. पुढं मोटारी स्वस्त झाल्या, मोटारीमागं जोडायची हलकी घरं आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची सुट्टी त्या घरांभोवती रचली गेली.

स्टेबल्सच्या प्रवासाची सुरुवात एका सुखवस्तू माणसाच्या निवडीतून झाली. त्याला घाई नको होती, आगगाडीच्या वेळापत्रकातून सुटका हवी होती. माणदेशातल्या किंवा कृष्णाकाठच्या कुटुंबासाठी निवडीचा प्रश्न वेगळा होता. गाडी आणि बैल घरचेच होते, शेतीसाठी ठेवलेले. वर्षभर शेणखत, धान्य आणि कडबा वाहणारी तीच गाडी चार-आठ दिवस सजून जत्रेची गाडी व्हायची. या सुट्टीसाठी वेगळं वाहन विकत घ्यावं लागत नसे, म्हणूनच ती बेताच्या ऐपतीच्या घरालाही परवडली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालली.

गाडीची तयारी

जत्रेच्या आधी गाडी सुताराच्या आणि लोहाराच्या दारात जायची. बैलगाडीचं चाक दिसतं साधं, पण ते विचारपूर्वक केलेलं यंत्र आहे. मधोमध तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले बाकदार पुठ्ठे आणि या सगळ्यांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. लाकूड बहुधा बाभळीचं, कारण ते कठीण आणि चिवट असतं आणि या कोरड्या मुलखात सहज मिळतं.

धाव बसवण्याची रीत पाहण्यासारखी असते. लोखंडी कडं चाकापेक्षा किंचित लहान करतात. मग ते गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापवतात. तापलेलं लोखंड प्रसरण पावतं. साधारण चार मीटर घेराचं कडं पाचशे अंशांनी तापलं तर त्याचा घेर जवळजवळ अडीच सेंटिमीटरनं वाढतो. तेवढ्या वाढीत ते चाकावर बसतं. लाकूड पेटायच्या आत त्यावर पाणी ओततात, वाफेचा लोट उठतो, कडं आक्रसतं आणि तुंबा, आरे, पुठ्ठे सगळे एकमेकांत घट्ट दाबले जातात. चाक एका जिवाचं होतं ते या आवळण्यामुळं. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं की धाव सैल होते. म्हणून लांबच्या वाटेला निघण्याआधी जाणता गाडीवान चाक हातानं वाजवून पाहायचा.

आसाला वंगण घालायचं आणि वंगणाचं नळकांडं गाडीखाली टांगून सोबत घ्यायचं. साटीवर बांबूच्या कमानी रोवून वर चटई किंवा ताडपत्री बांधायची. साटीत तळाला कडब्याच्या पेंढ्या, त्यावर वाकळा आणि घोंगडी. माणसांची गादी म्हणजेच बैलांची शिदोरी. वाटेत पेंढ्या सुटत जायच्या, गादी रोज थोडी खाली जायची आणि परतीच्या वाटेवर बैलांचं ओझंही तेवढंच हलकं व्हायचं.

सामान लावणं हे जाणत्या माणसाचं काम. दोनचाकी गाडीत वजन मागं गेलं तर ती उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोती आवळतात. वजन पुढं गेलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. पिठाचं गाठोडं, पाण्याची घागर, आजी आणि नातवंडं कुठं बसणार, हे त्या हिशेबानं ठरायचं. घाटाचा चढ आला की पोरांना पुढं सरकायला सांगायचं, उतार आला की मागं. मुलांना समतोलाचा पहिला धडा असा चालत्या गाडीत मिळायचा.

खिलार

सातारा-सांगलीच्या पूर्वेकडचा माण, खटाव, आटपाडी, जत हा कमी पावसाचा पट्टा म्हणजे खिलार जनावरांचं माहेर. सोलापूर आणि कोल्हापूरचे लगतचे तालुकेही त्यात येतात. खिलारात ‘आटपाडी महाल’ आणि ‘म्हसवड’ असे प्रकार ओळखले जातात. आटपाडी महाल हा एकेकाळी औंध संस्थानाचा भाग होता. पांढराशुभ्र किंवा किंचित करडा रंग, ताठ चाल, लांब आणि डौलात मागं वळून वर गेलेली शिंगं, कडक खूर. खिलार दुधाला फारसा नसतो. त्याची ख्याती चपळाईची आणि वाटचालीची आहे. कमी चाऱ्यावर, कोरड्या हवेत, खडकाळ वाटेवर टिकणारा हा बैल या मुलखातल्या माणसांनी अनेक पिढ्यांच्या निवडीतून घडवला.

जत्रेआधी बैलांच्या खुरांना पत्री मारून घ्यायची. शेताची माती मऊ असते, रस्ता खूर झिजवतो. शिंगं साळून रंगवायची, टोकांना पितळी शेंब्या, कपाळाला गोंडे, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. ही सजावट हौसेची तर होतीच, शिवाय घुंगरांच्या आवाजामुळं रात्री समोरच्या गाडीला आपली गाडी कळायची. गाडीवान पेंगला तरी त्या तालातला बदल ऐकून बैलाची चाल बिघडल्याचं त्याला उमगायचं.

जड गाडी ओढणारे बैल तासाला साधारण तीन-चार किलोमीटर चालतात. म्हणजे एका मजलेत वीस-पंचवीस किलोमीटर. ही गती सगळ्या सुट्टीला आकार देते. वाटेतलं प्रत्येक गाव, विहीर, चिंचेचं झाड दिसतं. कंटाळलेलं पोर उतरून गाडीसोबत चालू शकतं आणि दमलं की परत चढू शकतं. ओळखीचा माणूस भेटला तर गाडी न थांबवता त्याच्याशी बोलणं होतं.

बैलाच्या कष्टाला मर्यादा हवी, ही समज पूर्वी रीतीत होती, आता ती कायद्यातही आहे. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणं जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला जुंपता येत नाही. गाडीत गाडीवान आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं बसवता येतात. नवरा-बायको, आई-वडील, एक गाडीवान आणि लहान लेकरं असं एक घर त्या आकड्यात बरोबर बसतं. जत्रेच्या वाटेवर गाड्या पळवण्याची ईर्षा काही जण करतात. डांबरी रस्त्यावर दमलेल्या बैलाला पळवणं हा त्या बैलावरचा आणि या सुंदर परंपरेवरचाही अन्याय आहे. ती ईर्षा थांबायलाच हवी.

पंचांगात लपलेली सुट्टी

या भागातल्या मोठ्या जत्रा कधी येतात ते पाहिलं तर शेतीचं वेळापत्रक समोर उभं राहतं. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. पौषात कराड तालुक्यातल्या पालीला तारळी नदीकाठी खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, औंधला यमाईचा उत्सव होतो, मांढरदेवला काळूबाईची यात्रा भरते. माघात सीमेपलीकडं रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्काची यात्रा. चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या कावडी, आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा आणि पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या जोतिबाकडं सासनकाठ्या. त्या सासनकाठ्यांतला पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा असतो.

मार्गशीर्ष ते माघ या काळात खरीप घरात आलेलं असतं आणि रब्बीचा जोंधळा शेतात उभा असतो. चैत्रात जोंधळाही निघालेला असतो आणि मृगाला अवकाश असतो. बैलांना काम कमी, कणगीत धान्य, गंजीत कडबा, ओढ्यांना उतार, रस्ते कोरडे. सहकुटुंब निघण्यासाठी याहून चांगला काळ नाही. देवाचा दिवस आणि शेताची सवड एकत्र आली म्हणून निघण्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नसे. ‘देवाला जायचंय’ एवढं कारण पुरेसं असे आणि त्या कारणाच्या आडून घरातल्या सुनेला, सासूला, गड्याला, सगळ्यांनाच विसावा मिळे.

यातल्या अनेक जत्रा पौर्णिमेला येतात. बैलगाडीच्या प्रवासाला हे फार सोयीचं आहे. पौर्णिमेआधीच्या चार-पाच रात्री चंद्र सूर्यास्ताला आधीच आकाशात असतो आणि पहाटेआधी मावळतो. म्हणून जाताना दिवस मावळला की निघावं, मध्यरात्रीनंतर तळ टाकावा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि सकाळपर्यंत राहतो. म्हणून परतताना पहिली झोप तळावर काढावी आणि पहाटेच्या चांदण्यात गाडी जोडावी. गारव्यात बैल दमत नाहीत आणि दिव्याशिवाय वाट दिसते.

चिंचलीची वाट

मायाक्काची यात्रा हे या चालत्या घरांचं आजही जिवंत असलेलं मोठं उदाहरण. चिंचली हे कर्नाटकातलं बेळगाव जिल्ह्यातलं गाव, मिरज-बेळगाव रेल्वेमार्गावरचं स्थानक. तरीही माघात सांगली, कोल्हापूर आणि साताऱ्याकडून भाविक सजवलेल्या बैलगाड्या घेऊन तिथं जातात. मिरजेकडून म्हैसाळ, कागवाड, उगार असं करत गाड्या कृष्णेला येतात, कृष्णा ओलांडून कुडची आणि मग चिंचली. वाटेत मराठी बोलणारं गाव कधी मागं पडलं आणि कानडी कधी सुरू झाली, हे लक्षातही येत नाही, कारण वाटेवरची बरीच माणसं दोन्ही बोलतात. ‘मायाक्काच्या नावानं चांगभलं’ ही आरोळी सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच उमटते.

पूर्वी या वाटेवरच्या नद्या पायउतारानं किंवा नावेनं ओलांडाव्या लागत. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. तो होण्याआधी पलीकडच्या गावांतल्या गाड्यांना पाण्याचा अंदाज घेऊनच निघावं लागे. चार-सहा घरांच्या गाड्या एकत्र निघत, त्याचं हेही एक कारण. एकीचं चाक रुतलं तर दुसरीचे बैल मदतीला. पुढच्या गाडीला वाट माहीत असलेला जुना गाडीवान, मधल्या गाड्यांत बायका-मुलं, शेवटच्या गाडीला तरणे बैल आणि तरणी माणसं. आसाला टांगलेला कंदील झुलत राही आणि मागचा गाडीवान त्या उजेडावर आपली गाडी हाकत असे.

शिदोरी टिकणारी हवी. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणीचा ठेचा, गुळाच्या पोळ्या. पहिला दिवस त्यावर निघायचा, पुढं तळावर चूल पेटायची. वाटेतल्या शेतात जोंधळा हुरड्यावर असेल तर शेतमालक चार कणसं पोरांच्या हातात देई. पाण्याच्या जागा ठरलेल्या. अमुक मळ्यातली विहीर, तमुक ओढ्याचा डोह, कुठल्याशा देवळामागचा हौद. ही माहिती कुठल्या नकाशात नव्हती. ती आजीच्या तोंडी असायची. ज्या म्हातारीला घरी कुणी फारसं विचारत नसे, तिला वाटेत सगळे विचारत: “आज्जे, पाणी आता कुठं लागंल गं?” ती आठवून सांगे आणि सांगितलेल्या जागी पाणी निघे. प्रवासात म्हाताऱ्या माणसाला मिळणारा हा मान मला या सगळ्या रीतीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

तळावरचं गाव

जत्रेच्या ठिकाणी गावागावाच्या गाड्या ठरलेल्या जागी उतरतात. जू खाली टेकवून किंवा टेकू देऊन गाडी उभी करतात, बैल चाकाला किंवा मेखेला बांधतात, साटीखालच्या सावलीत लहान मूल निजवतात. दोन गाड्यांच्या मध्ये ताडपत्री ताणली की ओसरी तयार. तीन दगड मांडले की स्वयंपाकघर. भावकीच्या गाड्या शेजारी असतात, त्यामुळं माळावर गावच्याच आळ्या पुन्हा उभ्या राहतात. फरक एवढाच की इथं कुणाच्याही घराला भिंत नसते.

बायकांचं काम इथंही सुटत नाही. भाकरी इथंही थापाव्या लागतात, नैवेद्य शिजवावा लागतो. पण घरात बाई एकटी धुरात बसलेली असते, तळावर तिच्या डाव्या-उजव्या हाताला जावा, नणंदा, शेजारणी असतात. पाणी पुरुष आणतात, काटक्या पोरं गोळा करतात. दुसऱ्या गावी दिलेली लेक सासरच्या गाडीतून आलेली असते आणि मायलेकींची अवचित नव्हे, आधीच निरोप धाडून ठरवलेली भेट होते. सणाखेरीज माहेरी जायला न मिळणाऱ्या किती लेकींसाठी जत्रेचा तळ हेच दोन दिवसांचं माहेर होतं. सोयरिकी इथं बोलल्या जात. पुसेगाव आणि खरसुंडीसारख्या यात्रांत जनावरांचा बाजार भरतो, तिथं बैलजोड्यांचे दात, खांदा, चाल पाहताना बापाशेजारी उभं राहून मुलगा जनावर पारखायला शिकतो.

मुलांसाठी तळावर कुणी कार्यक्रम आखत नाही. तरी त्यांचा दिवस भरगच्च असतो. बैलांना पाणी दाखवणं, पाळण्यात बसणं, चुरमुरे-बत्ताशे आणि शेव-चिवड्याच्या दुकानांपुढं रेंगाळणं, दुसऱ्या गावच्या पोरांशी ओळख करून घेणं. रात्री मोठी माणसं गाडीला पाठ टेकून बोलत असतात आणि मुलांना न सांगता घरच्या जुन्या गोष्टी कानावर पडतात. शेत कसं मिळालं, दुष्काळात कोण कुठं गेलं, आजोबांच्या काळातली जोडी कशी होती. घरी एवढी सलग सवड कुणालाच नसते. घरचा इतिहास पुढच्या पिढीकडं जायला अशा रिकाम्या रात्री लागतात.

त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गाड्या

माघात जत्रेच्या गाड्या निघतात तेव्हा त्याच रस्त्यांवर ऊसतोडणी कामगारांच्या गाड्याही असतात. सांगली-सातारा-कोल्हापूरच्या साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं कोयता घेऊन येतात. त्यांच्याही गाडीत चूल, अंथरूण, लेकरं असतात. फलटण-माणकडचे मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर आपला वाडा घेऊन चराईच्या शोधात कोकणाकडं किंवा भीमाकाठाकडं निघतात. घोड्यावर संसार, पुढं मेंढरं, मागं लेकरं.

चाकं तीच, चूल तीच, पण ही सुट्टी नव्हे. ऊसतोड कामगाराला उचल फेडायची असते, त्याच्या मुलाची शाळा सुटते. धनगराला चारा मिळेल तिथं जावंच लागतं. चालतं घर आनंदाचं होतं ते केव्हा निघायचं, कुठं थांबायचं आणि केव्हा परतायचं हे कुटुंबाच्या हाती असतं तेव्हाच. या सुट्टीचं कौतुक करताना शेजारून जाणारी ती गाडी नजरेआड करू नये. तळाला पाणी, शौचालय, दवाखाना, मुलांसाठी वर्ग या सोयी जत्रेकरूंसाठी जेवढ्या हव्यात, त्याहून जास्त त्या गाडीतल्या माणसांसाठी हव्यात.

एसटी, टेम्पो, ट्रॅक्टर

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनची पहिली बस धावली आणि पुढच्या काही दशकांत एसटी गावोगाव पोचली. जत्रांना जादा गाड्या सुटू लागल्या. दोन रात्रींची वाट काही तासांची झाली. आजारी, एकटं किंवा गाडी-बैल नसलेलं माणूसही देवाला जाऊ लागलं, हा फार मोठा लाभ होता. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत, यात तळ गेला, चूल गेली, चांदण्यातली वाट गेली.

ही रीत पूर्ण गेली मात्र नाही. शेतात बैलांची जागा ट्रॅक्टरनं घेतली तशी जत्रेच्या वाटेवरही घेतली. ट्रॉलीवर ताडपत्रीचं छत, आत गाद्या, गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप, असं चालतं घर घेऊन निघालेली कुटुंबं आजही दिसतात. ट्रॉलीत माणसं बसवणं धोक्याचं असतं, तेव्हा सामान ट्रॉलीत आणि माणसं मोटारीत, हे कटाक्षानं पाळायला हवं. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबतही चूल अशीच वाहनातून जाते. या सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. वारकरी पायी चालतात, पण प्रत्येक दिंडीचा ट्रक तंबू, भांडी आणि शिधा घेऊन पुढं जातो आणि माणसं पोचेपर्यंत तळावर चहाला आधण आलेलं असतं. वाहन बदललं तरी चूल सोबत नेण्याची सवय मोडली नाही.

नव्या कॅरॅव्हॅनला जुन्या तळाकडून

महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात वाहन आणि वाहनं थांबण्याचं आवार, दोन्हींचा विचार आहे. ही दृष्टी योग्य आहे, कारण गाडी कितीही सुखाची असली तरी सुट्टी घडते ती तळावर. महाबळेश्वर-पाचगणी, कोयनेचा परिसर, वारणेकाठचं चांदोली, २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलेलं कास पठार, असा मोठा मुलूख या दोन जिल्ह्यांत आहे. पठारावरची फुलं आणि अभयारण्यातली शांतता जपायची तर गाड्या तिथं न नेता पायथ्याच्या गावांत थांबवाव्यात, आणि त्या गावांना त्याचं उत्पन्न मिळावं.

जत्रेच्या तळावरून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, पाणी आणि सावली आधी, बाकी सोयी नंतर. दुसरी, गाड्या अशा लावाव्यात की शेजार घडेल. चार कुटुंबांच्या मधे एक मोकळं अंगण हवं. तिसरी, निघण्याचा दिवस आपल्या सोयीपेक्षा ऋतूकडं पाहून ठरवावा. जोंधळा हुरड्यावर असताना, पौर्णिमेच्या आसपास.

त्यासाठी महागडी कॅरॅव्हॅनच हवी असं नाही. भाड्याचा टेम्पो ट्रॅव्हलर, एक शेगडी, ताडपत्री, अंथरुणं आणि घरातली सगळी माणसं एवढं पुरे. सुरुवातीला कृष्णेची वाट धरावी. वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर सकाळ, साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी कराडचा प्रीतिसंगम, तिसऱ्या दिवशी औदुंबरचं दत्तस्थान, चौथ्या दिवशी सांगलीशेजारच्या हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. सारी वाट साधारण दीडशे किलोमीटरची, मोटारीनं एका दिवसात संपणारी. तिला चार दिवस द्यावेत. पहिल्या दिवशी मुलं ‘कधी पोचणार’ विचारतील. दुसऱ्या दिवसापासून ती पाणी भरायला, भाजी निवडायला, आजीला हात देऊन घाट उतरवायला लागतील आणि तो प्रश्न मागं पडेल. आजीच्या मांडीशी बसून भाकरी खाता येईल एवढी जागा मात्र प्रत्येक मुक्कामाला नक्की ठेवावी.